ओल्या रंगावरचं हेल्मेट

भूतखेत, करणी-भानामती असलं काही माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. गल्लीत कोणाच्या अंगात आलं तर मी आधी विचारते, "बाई, सकाळून काही खाल्लं का?" तेव्हा हे लिहून राहिली ते कोणाले घाबरवायले नाही. मले स्वतःलेच अजून उलगडलं नाही, म्हणून. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं पेपर वाचू वाचू आलं... तेवढं सांभाळून घ्या.

मूर्तिजापूरहून अकोल्याकडे निघालं की हायवेवर डाव्या हाताले एक पेट्रोल पंप होता. तिथं मी पेट्रोल भरत होती. हो, बाई असून! त्या वर्षांत कापूस-सोयाबीन लागोपाठ हातचं गेलं, विहीर आटली तसा आमचा भाजीचा मळाही बसला, आन मी कामाले लागली. पोरगी अकोल्याले नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले होती. माझी नोकरी गेली असती तर तिले अर्ध्यातून घरी आणावं लागलं असतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझी काय गत झाली ते समजन.

पंपावर तेव्हा दोन पाट्या होत्या. वरची सरकारी — हेल्मेट नसेल तर पेट्रोल मिळणार नाही. खालची आमच्या मालकाची — हेल्मेट काढल्याशिवाय पेट्रोल मिळणार नाही. दुसऱ्या कुठल्याशा पंपावर एक जण हेल्मेट घालून आला आन बॅग हिसकून पळाला. तोंडच दिसलं नाही, तर सांगणार काय? तेव्हापासून मालकानं हा नियम काढला. गिऱ्हाईक आमचीच मजा घेत.

"काहो मावशी, घालू का काढू? एकदाचं ठरवा ना!"

"घालून ये, काढून भर, घालून जाय," मी म्हणे. "नवरीवानी लाजू नको, तोंड दाखव."

आता माझी चूक सांगते. एक दिवस ओळखीचे मास्तर आले, मी आवाजावरून ओळखलं आन हेल्मेटसकट पेट्रोल दिलं. मालक रोज संध्याकाळी केबिनमध्ये कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहत. मले बोलावलं. "निर्मलाबाई, आवाज कॅमेऱ्यात दिसत नाही. अजून एकदा असं झालं तर दुसऱ्या दिवशी कामाले येऊ नका."

त्याले दोनच दिवस झाले होते.

लोक काढलेलं हेल्मेट टाकीवर ठेवत आन ते घरंगळे, म्हणून मशीनजवळ एक जुना लोखंडी टेबल ठेवला होता. त्या दिवशी सकाळी मीच त्याले पिवळा ऑइलपेंट मारला. दुपार झाली तरी वाळला नव्हता. येईन त्याले "हेल्मेट हातातच धरा, रंग ओला हाये" असं सांगू सांगू तोंड दुखलं.

दुपारचे दोन-अडीच. ऊन असं की नोझल हातात धरवत नव्हतं. एक जण आला. साधी मोटरसायकल, काळं हेल्मेट. मी पाटीकडे बोट केलं. त्यानं मुकाट्यानं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आन सरळ टेबलावर ठेवून दिलं.

"अगा दादा, रंग ओला हाये!"

"लागू द्या मावशी," तो म्हणाला. "ओळखू येईन."

पस्तिशीचा माणूस. केस घामानं चिपकलेले, कपाळावर हेल्मेटचा लाल वळ — तो वळ आमी पंपवाले दिवसभर पाहतो. डाव्या भुवईत बारीकशी खाच. मी म्हटलं, "झिरो पाहा." त्यानं मीटर पाहिलं, मान हलवली. पेट्रोल भरलं, हेल्मेट घातलं, अकोल्याकडे निघून गेला. बस. ना अंगावर काटा, ना कुत्रं रडलं. मी विसरूनही गेली.

संध्याकाळी मालकानं केबिनमध्ये बोलावलं. "दोन दिवस झाले सांगून, निर्मलाबाई. घ्या, पाहा."

पडद्यावर तो आला. मी बोट केलं. आन... त्यानं हेल्मेट काढलंच नाही! मी टेबलाकडे हात करून काही बोलून राहिली, मीटर दाखवून राहिली, टाकी भरून राहिली... आन तो हेल्मेट घालून बसलेला. तसाच गेला.

"मालक, यानं काढलं होतं! टेबलावर ठेवलं होतं!"

"मंग हे काय हाये? माझे डोळे फुटले का?"

माझ्या डोळ्यांपुढं होस्टेलमधून परत येणारी पोरीची पेटीच आली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. डिझेलच्या मशीनवरचे रफीकभाई पाण्याची बाटली भरायले आले होते. "शेठ, बाल तो मैंने भी देखे उसके. पीठ थी मेरी तरफ, पर सर खुला था."

"तुमी हिची बाजू घेऊन राहिले, रफीकभाई."

"मैं काहे को लूँ? ये तो मेरे डब्बे का अचार भी नहीं छोड़ती!"

तेव्हा मले टेबल आठवला. मालकाले अक्षरशः ओढत बाहेर नेलं. पिवळ्या रंगात हेल्मेटच्या काठाचा गोल उमटलेला, मधात एका जागी पट्ट्याची रेघ. मालकानं त्यावरून बोट फिरवलं. "दुसऱ्या कोणाचं असन."

"मंग पाहा ना मागं नेऊन!"

रेकॉर्डिंग मागं नेलं. टेबलाचा वरचा भाग दिसत होता. तो यायच्या आधी रंग सपाट. तो गेल्यावर गोल उमटलेला. मधात टेबलाले कोणाचा हात नाही. मालक मागं-पुढं करू करू थकले. मंग रफीकभाईनं काचेवर बोट ठेवलं — "शेठ, ये देखो."

येताना हेल्मेटचा काठ काळा होता. जाताना काठाले पिवळी रेघ.

मालकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता तुमी नियम मोडला म्हणू का पाळला म्हणू?" मंग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "उद्या या. आन त्या टेबलाले रंगाचा दुसरा हात मारू नका."

दुसऱ्या दिवशी कॅमेरावाला आला. म्हणे, चित्र अडकलं असन. पण मागं ट्रक चालून राहिले होते, घड्याळाचे सेकंद पळत होते, माझा हात हलत होता... एका माणसाच्या डोक्यापुरतंच चित्र कसं अडकन? तो काहीतरी सेटिंग करून गेला.

पोरगी नर्स झाली. ती म्हणते, "आई, उन्हानं होते असं." मी म्हणते, मले ऊन लागलं, मान्य. टेबलाले काय लागलं होतं?

गुडघ्यांनी जबाब दिला तेव्हा नोकरी सोडली आन मालकाकडून तो टेबल मागून आणला. अंगणातच हाये. घरी कोणी हेल्मेट घेऊन आलं की मी ते आधी त्या गोलावर ठेवून पाहते, मंग पाणी देते. जावई हसतात. बरीचशी हेल्मेटं गोलात जवळपास बसतात, पण पट्ट्याची रेघ काही जुळत नाही.

रफीकभाईले पाठ दिसली, कॅमेऱ्याले हेल्मेट दिसलं, तोंड फक्त मी पाहिलं. "ओळखू येईन" म्हणाला होता... तुमच्यापैकी कोणाच्या घरी काठाले पिवळा रंग लागलेलं काळं हेल्मेट असन, तर मले कळवा. भुवईतली खाच मी आजही ओळखीन. त्याले एवढंच विचारायचं हाये — अगा दादा, तोंड दाखवायचंच होतं, तर मले एकटीलेच काहून दाखवलं?