जसोदाबाईचं अळणी राज्य

प्रकाशा गावी तापीच्या काठी एका शेठने म्हाताऱ्यांसाठी आश्रम बांधला आणि त्यातल्या सुजलेल्या पायांच्या मंडळींचं पथ्य जसोदाबाईच्या हाती दिलं. एकसष्ट-बासष्टची गोष्ट. शहाद्याहून डॉक्टर अधूनमधून येई, बोटाने पाय दाबून खड्डा बघे आणि म्हणे, "मूत्रपिंडं थकलीत. मीठ बंद, केळं बंद, पाणी बेतानं. मुंबईला म्हणे रक्त धुणारं यंत्र आलंय."

"आम्हनाकडे परीट शे," असं म्हणून जसोदाबाई मिठाची बरणी कुलपात घाले.

कडक ती सगळ्यांशीच होती, पण उखाच्या बाबतीत त्या कडकपणाला गोडी होती. उखा तिचा धाकटा दीर. नवऱ्याचं तेरावं उरकल्यावर खरकट्या भांड्यांबरोबर त्यानेच तिला घराबाहेर काढलं होतं. आता पोरांनी त्यालाच इथे आणून टाकला आणि देवाने पळी भावजयीच्या हाती दिली. देवालाही कधीकधी चहाटळपणा सुचतो.

"भाभी, घास गयाखाले उतरत नही."

"तुम्हना घरमा मन्हाबी उतरे नही. कोनी इचारं का?" आणि त्याच्यासमोर बसून ती लोणच्याची फोड चोखी.

गंमत अशी, की ज्यांची लेकरं मायेने पापड-शेव चोरून देत, ते म्हातारे एकेक करून घाटावर गेले. उखाला चोरून देणारं कुणी नव्हतं, म्हणून तो टिकला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी पितरांच्या नावाने निखाऱ्यावर आगारीचा घास टाकतात. उखाने डाव टाकला.

"आज दादानी आगारी मीच टाकसू. दादाले अयनी सार खावाडशी का, भाभी?"

जसोदाबाईच्या तोंडातली फोड तशीच राहिली. मेलेल्या नवऱ्याला अळणी? जित्तेपणी त्याने अशी वाटी भिंतीवर मारली असती.

पापडांचे दिवस होते. केळीची खोडं जाळून केलेल्या राखेचं पाणी, म्हणजे पापडाचा खार, चुलीजवळ मडक्यात निवळत होतं. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं, केळंही. राखेबद्दल तो काही बोलला नव्हता. तिने सारात पळीभर खार ओतला.

उखाने दादाचा घास निखाऱ्यावर टाकला आणि उरलेलं सार वाट्यांवर वाट्या ओरपलं. डोळे पुसत म्हणाला, "तू तं मन्ही माय शे, भाभी."

एवढं ऐकायला ती वर्षानुवर्षं थांबली होती. तिने त्याच्या वाटीत आणखी पळीभर खार ओतला.

दिवस कलेपर्यंत त्याचे हातपाय लुळे पडले आणि दिवा लागायच्या आत छाती थांबली. डॉक्टर आला, मडकं हुंगून म्हणाला, "बाई, हे मिठाहून वाईट. ज्या क्षारापायी केळं बंद केलं, तोच या राखेत उतरतो. थकल्या मूत्रपिंडाला तो बाहेर टाकता येत नाही, मग हृदयच बंद पडतं."

बाजारात बोभाटा झाला: जसोदाने उट्टं काढलं. तिने भांडी घासणाऱ्या तुळशीबाईला सांगून पाहिलं, की मला दया आली होती. तुळशीबाई पदर तोंडाला लावून हसली.

तेरावं झालं आणि उखाचा थोरला पोरगा मगन आला. भाऊबंदांकडून जन्मात न मिळालेलं मानाचं लुगडं त्याने तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मी नही मारं रे त्याले," ती म्हणाली.

"मी कोठे म्हनस, काकी? रंग आवडना ना?"

दिवाळीला ती तेच नेसली. दुसरं होतं कुठे?