थंडी पडू दे

सोलापूर स्टेशनवर चेन्नईची गाडी लागली, तेव्हा वैशालीच्या कडेवर पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस होती. आमचं लग्न नवंच होतं आणि मला चेन्नईजवळ ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली होती. आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडची हवा हिला मानवती का बघ." हिला म्हणजे सुनेला की तुळशीला, ते मी विचारलं नाही.

तुळस पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. वैशाली मात्र रुजली. चेन्नईतल्या वेलचेरी भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती माझ्याआधी तमिळ शिकली, भाजीवालीशी भांडायला लागली आणि मी आग्रहानं वाढायला लागलो की ताटावर हात आडवा धरून "पोदुम" म्हणायला लागली. पोदुम म्हणजे पुरे. आमच्या घरात तो शब्द मराठीच होऊन गेला.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी केस गेले, अन्नाचा घास ठरेना. "आता त्रास कमी करत राहू," डॉक्टर म्हणाले आणि आम्हा दोघांना काय ते कळलं. मला तिला एकदा पोटभर जेवताना बघायचं होतं, एवढंच मागणं उरलं होतं.

आबांनी शेंगदाण्याच्या चटणीच्या पार्सलात एक पुडी पाठवली. गांजाचं बी. गावी बैलाचं पोट बिघडलं की द्यायला ते तुरीच्या रानात एखादं झाड लपवून ठेवत. भूक लागते, पोट धरतं, हा त्यांचा अनुभव, अर्थात बैलाचा. गुन्हा आहे हे मला माहीत होतं. पण बायको बेसिन धरून बसलेली असताना कायदा कुणाला आठवतो? तुळशीच्या रिकाम्या डब्यात बी लावलं आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरींच्या आड ठेवलं.

फोनवर नाव घ्यायचं नाही, असं आबांनी बजावलं होतं.

"तुळशीला मंजिऱ्या आल्या का रं?"

"आल्यात. त्यांना पांढरे केस फुटलेत."

"मग थांब. थंडी पडू दे, म्हंजी तांबूस व्हत्याल. माणूस पिकला की केस पांढरं, हिचं उलटं. कवळं तोडलंस तर पाला हाय नुसता."

वैशाली उशीवरून ऐकत असायची. डोक्याला रुमाल बांधलेला. "माझ्या केसांचं विचारा आबांना," म्हणून हसायची. कारखान्यात मी सुट्या भागांची तपासणी करतो. गेज म्हणजे मापाची दांडी; तिचं एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये, वादच नाही. इथं आबांचा शब्द हाच माझा गेज होता.

मंजिऱ्यांचे अर्धेअधिक केस तांबूस झाले तेव्हा वैशाली म्हणाली, "पोदुम. कापा आता. आबांना म्हणावं, झाड थांबेल, मला नाही जमायचं." मी फोन केला. आबा म्हणाले, "अजून जरा. दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे." मी हो म्हणालो. चेन्नईत दिवाळीला काय पडतं हे मला माहीत नव्हतं का? इतकी वर्षं गुडघाभर पाण्यातून घरी आलोय. पण आबांचा आवाज कानावर आला की मी सोलापुरातच असायचो.

दिवाळीला पाऊस लागला तो थांबेचना. खाली पार्किंगमध्ये पाणी भरलं. डबा आत आणून तिच्या पलंगाशी ठेवला आणि कापायला बसलो. सगळ्यात मोठी मंजिरी बोटांनी उकलली, तर आत करडी बुरशी. दुसरी उकलली, तीही तशीच. ओल्या पोत्यासारखा वास सुटला. "राहू द्या," वैशाली म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

आबा आले ते हातावर स्वेटर घेऊन. बाल्कनीत उभे राहिले. बाहेर पाऊस, अंगावर घामाच्या धारा. डब्यातल्या काळ्या पडलेल्या झाडाकडे बघत राहिले.

"हितं थंडी पडतच न्हाई व्हय रं?"

"नाही, आबा."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण इतक्या वर्षांत इथली हवा कशी असते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की "ठीक आहे" म्हणायचो. झाड वेळेवर कापलं असतं तरी ती वाचणार नव्हती. एक जेवण झालं असतं कदाचित. कदाचित तेही नसतं.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी सोलापूर सांगायचो. आता नुसतं वेलचेरी म्हणतो. यंदा दिवाळीला गावी गेलो. छान थंडी पडली होती. आबा माझ्या ताटात आणखी एक भाकरी घालायला वाकले आणि मी हात आडवा धरून म्हणालो, "पोदुम."

आबांचा हात थांबला. त्यांनी अर्थ विचारला नाही. भाकरी परत टोपलीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसले.