मैदानबाई आणि आमचा ट्रॅक

मैदानबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या चपला त्यांच्या हातात होत्या. सकाळचे पावणेसहा वाजले होते. साडीवर उद्यान खात्याचं खाकी जॅकेट घातलेल्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या या बाई मैदानातल्या लाल मातीवर अनवाणी चालत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग हातभर बाजूला सरकून त्या टोकापासून या टोकापर्यंत. पुण्यात भल्या सकाळी एखादा माणूस काही विचित्र करताना दिसला, तर एक तर त्याचा नवस असतो किंवा त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मी अदबीने विचारलं, "नवस का?"

"काचा," त्या न थांबता म्हणाल्या. "डोळ्याले दिसत नाही जी, पायाले दिसते. पोरी खो-खो खेळतात संध्याकाळी. त्यांच्या पायाले दिसण्याआधी माह्या पायाले दिसलेली बरी."

बाई मूळच्या यवतमाळकडच्या, दारव्ह्याच्या. कात्रजच्या अलीकडे आमची एक बाग आहे आणि बागेला लागून मैदान. या दोन्हींचा कारभार एकट्या बाईंकडे होता. झाडं, पाणी, रोलर, झोपाळे, क्रिकेटवाले, हास्यक्लबवाले, उन्हाळी शिबिर, आणि या सगळ्यांपेक्षा अवघड म्हणजे आम्ही, सकाळी चालायला येणारे. खात्याच्या कागदावर त्यांचा हुद्दा ओळभर लांब होता. तो उच्चारेपर्यंत माणसाची एक फेरी पूर्ण व्हायची. म्हणून सगळे त्यांना मैदानबाई म्हणत.

मी मूळचा पेठेतला. तिथलं घर लहान पडलं म्हणून इकडे आलो. पेठेतले नातेवाईक अजूनही माझ्याबद्दल "तो बाहेरगावी असतो" असं सांगतात. येताना मी सामान कमी आणलं, पण भाषेचा अहंकार नीट बांधून आणला. बाई कागदावर शुद्ध लिहायच्या, साहेबांशी शुद्ध बोलायच्या. रागावल्या किंवा माया दाटून आली की मात्र थेट दारव्ह्याला पोहोचायच्या. या दोहोंपैकी नेमकं काय झालंय, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

आता माझा गुन्हा कबूल करतो. ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, कुणी प्रौढ गृहस्थ वाकड्या मुठीची छत्री घेऊन बागेत फिरताना दिसला, तर खुशाल समजावं की तो फुलं चोरतो. छत्रीच्या मुठीने जास्वंदीची फांदी काय सुरेख खाली येते! आईच्या पूजेला रोज पाच-सात फुलं मी अशी मिळवत होतो. एके दिवशी फांदी खाली आली आणि तिच्यामागे बाई उभ्या दिसल्या.

"अहो, देवासाठी आहेत," मी म्हणालो. हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही बागेत हमखास चालतं.

"देव तुमच्याच घरी राहाते काय? इथं येतच नाही?"

मला वाटलं, आता दंड, नाही तर निदान चार लोकांत शोभा. पण बाईंनी बाकाखालची झारी काढून माझ्या हातात दिली. "उद्यापासून या जास्वंदाले पाणी तुम्ही घालायचं. छत्री घरी ठेवा."

महिनाभर पाणी घातलं. कळ्या मोजायची सवय लागली. मग एका सकाळी समोरच्या इमारतीतल्या एक बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या जास्वंदीपाशी आल्या. होय, माझ्या! तेव्हा मी असा काही गरजलो की हास्यक्लब हसायचा थांबला. मैदानबाई लांबून पाइप धरून बघत होत्या. "पाहा बाप्पा," त्या माळ्याला म्हणाल्या, "झाला तयार."

हीच त्यांची रीत होती. आमच्या बागेत एकही सूचनाफलक नव्हता. पुण्यात! त्यांचं म्हणणं असं, की फलक वाचून माणूस फलक लिहिणाऱ्याच्या चुका काढत बसतो. त्यापेक्षा जो ज्या गोष्टीची नासाडी करतो, ती गोष्टच त्याच्या हवाली करावी. झोपाळ्यावर उभे राहणाऱ्या कॉलेजकुमारांकडे झोपाळ्यांना तेल घालायचं काम होतं. हास्यक्लबचा आवाज फार होतो अशी तक्रार करणाऱ्या गृहस्थांना त्यांनी हास्यक्लबचं अध्यक्ष केलं होतं.

फक्त एका बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मैदान बंद. मुलं फाटकाला लटकून ओरडायची, "बाई, खेळू द्या ना!" बाई गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "मैदान आजारी आहे. भेटायला उद्या या." एकदा एका माननीय नगरसेवकांचा वाढदिवस नेमका अशाच दिवशी आला. मांडवाचे बांबू घेऊन टेम्पो फाटकात उभा राहिला, मागोमाग स्वतः माननीय. बाईंची भाषा त्या दिवशी इतकी शुद्ध झाली की मला भीती वाटली. "साहेब, ओल्या मातीत आज खड्डे पडले तर महिनाभर राहतील. लोकांना ठेच लागल्यावर तुमची आठवण यावी, असं मला वाटत नाही." माननीयांनी क्षणभर विचार केला आणि वाढदिवस जवळच्या सभागृहात साजरा झाला. पेढ्यांचा एक पुडा मैदानासाठी आला. तो खो-खोच्या मुलींनी संपवला.

आणि अशा या बाईंच्या मैदानावर कुऱ्हाड चालवणारा अर्ज कुणी लिहावा? अस्मादिकांनी!

त्याचं असं झालं. आमच्या चालणाऱ्या मंडळींचे पुढारी परचुरेकाका. बँकेतून निवृत्त झालेले, बूट पांढरेशुभ्र. बागेतली वाट अरुंद, म्हणून आम्ही मैदानाच्या कडेने चालायचो, आणि लाल माती बुटांना लागायची. "माती ही शेतात ठीक असते," परचुरेकाका म्हणाले. "इथे तिचं काय काम?" मग ठरलं की मैदानभर सिमेंटच्या ठोकळ्यांचा ट्रॅक मागायचा. तो खो-खोच्या पट्ट्यावरूनच जाणार होता, आणि उरलेल्या पट्ट्यावर फरशी घालून व्यायामाची यंत्रं बसणार होती. अर्ज मी लिहिला. "ज्येष्ठांच्या पदन्यासास अनुकूल अशी पृष्ठभूमी" हे त्यातलं वाक्य मी घरी दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. झरझर सह्या झाल्या. खात्याचं उत्तर आलं: महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येतील आणि जागेवरच निर्णय देतील. त्याच महिन्याच्या अखेरीला मैदानबाई निवृत्त होणार होत्या.

मुली मागच्या वस्तीतल्या. मातीचं दुसरं मैदान दोन बस बदलून जावं लागेल इतकं लांब. तेवढ्या लांब त्यांना घरून कुणी पाठवणार नव्हतं. थोडक्यात, ट्रॅक झाला की खो-खो संपला. हे बाईंना माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण मी पदन्यासात गुंग होतो.

बाईंनी अर्जाची प्रत शांतपणे वाचली. मी आवाज चढण्याची वाट बघत होतो.

"भाषा चांगली हाय," त्या म्हणाल्या. "आवाजही चांगला हाय म्हणतात तुमचा."

"लोक म्हणतात," मी विनयाने मान झुकवली. गणपतीत निवेदन मीच करतो.

"मंग पोरींचे सामने चालू होऊन राहिले रविवारपासून. माइक तुम्ही घ्या."

माइक म्हटल्यावर मी सापळ्याकडे बघतो कशाला! रोज संध्याकाळी साडेपाचला हजर. आक्रमण, संरक्षण, खो, बाद, सगळं आठवड्यात तोंडपाठ झालं. कप्तान सानिका नावाची सडपातळ मुलगी. पळायला लागली की पाठलाग करणारीचीच दया यावी. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या मिनिटात बाद झाली, तर घरी मला जेवण जाईना. "सानिका आज अशी कशी गेली!" मी ताटावर पुटपुटलो. "ही सानिका कोण?" बायकोने विचारलं. बराच वेळ गेला ते प्रकरण निस्तरायला.

एकदा सामना संपल्यावर सानिकाच माझ्याकडे आली. "काका, ट्रॅक झाल्यावर आम्ही कुठे खेळायचं?" अर्ज कुणाचा, हे तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघू." आयुष्यात इतकं छोटं निवेदन मी दुसरं केलेलं नाही.

पाहणीच्या आदल्या सकाळी बाईंनी आम्हा चालणाऱ्यांना पट्ट्यावर बोलावलं. "इतकी वर्षं बाजूने चालून राहिले. पाच मिनिटं बसून तर पाहा." आम्ही आठजण खो-खोच्या चौकटींत ओळीने उकिडवे बसलो, एकजण पळायला आणि एकजण पाठलागाला उभा राहिला. ते दृश्य कुणी टिपलं नाही, हे आमचं भाग्य. परचुरेकाका कडेला उभे राहिले. "माझे गुडघे बँकेने ठेवून घेतले," म्हणाले. मागून कुणीतरी मला "खो!" दिला आणि माझ्यातला नट जागा झाला. मी उठलो, धावलो, पुढे पळणारा गृहस्थ खांबाला वळला, आणि इतक्या दिवसांचं निवेदन अंगात आल्यासारखं मी सूर मारला. पूर्ण, आडवा, छातीवर.

बाई पाइप टाकून आल्या.

"लागलं का जी?"

मी हात, पाय, बरगड्या तपासल्या. शेंदूर फासलेल्या मारुतीसारखा लालभडक झालो होतो, पण खरचटलंसुद्धा नव्हतं. "नाही," मी चकित होऊन म्हणालो.

"हाच सूर उद्या फरशीवर मारून पाहा," बाई म्हणाल्या आणि पाइप उचलून झाडांकडे निघून गेल्या.

मी पाठोपाठ गेलो. पाणी घालता घालता त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांच्या शाळेचं मैदान मुरमाचं होतं. नववीत त्यांनी खांबापाशी सूर मारला, गुडघा फाटला, आणि घरच्यांनी खेळणं बंद केलं. "चांगली पळायची मी," त्या म्हणाल्या. मग जास्वंदीकडे बोट दाखवून, "हिले आज पाणी नाही घातलं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अर्ज चाळून त्यांनी विचारलं, "अर्जदार कोण?" परचुरेकाकांनी मला पुढे ढकललं. "बोला. तुमचा आवाज आहे."

"साहेब," मी म्हणालो, "हा अर्ज मी लिहिलाय. भाषा उत्तम आहे. मागणी चुकीची आहे. मी तो मागे घेतो."

"अहो, काय बोलताय काय!" मागून दोघे-तिघे.

साहेब वैतागले. "तुम्ही एकट्याने मागे घेऊन कसं चालेल? खाली इतक्या सह्या आहेत."

ते खरंच होतं. मी बाईंकडे पाहिलं. जॅकेटच्या खिशात हात घालून फक्त त्या पट्ट्याकडे बघत होत्या. तेवढ्यात परचुरेकाका खाकरले.

"माझीही सही काढा," ते कोरडेपणाने म्हणाले. "काल हा मनुष्य पोत्यासारखा आपटला आणि उठून चालायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या वयात मी कधी ना कधी पडणारच. पडेन तेव्हा मला मातीच हवी. बूट काय, पुसता येतात."

मग एकेक करून बाकीचे पुढे आले. साहेबांनी अर्जावर आडवं लिहिलं, "पट्टा आहे तसा ठेवावा," आणि गाडीत बसले. मला वाटलं, आता बाई आभार मानतील. मी चेहरा तयारही ठेवला होता. बाई म्हणाल्या, "साडेपाचला फायनल हाय. उशीर नको."

बाई आता दारव्ह्याला असतात. पट्टा इथेच आहे, मुली इथेच आहेत, आणि ज्या अर्जाची मला आयुष्यभर लाज वाटली असती तो कागद फायलीत निकामी पडून आहे. हे सगळं मला शिक्षा न करता, आवाज न चढवता, हातात आधी झारी आणि मग माइक देऊन त्यांनी घडवलं. याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी मी तशी तयारीही केली होती, चार पानी. शाल झाली, नारळ झाला, आणि मी कागद उलगडणार तेवढ्यात मुलींनी बाईंना हाताला धरून पट्ट्यावर ओढलं.

"अहो, गुडघा!" मी माइकवरून ओरडलो.

"पडली तर माती हाय ना!" असं म्हणत त्यांनी जॅकेट काढून परचुरेकाकांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि दोन खांबांच्या मधे उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. सानिका मागे लागली. बाईंनी डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडे गिरकी घेतली, आणि मला नववीतली ती मुलगी स्पष्ट दिसली. एक खांब वळल्या. ओळीतून पलीकडे निसटल्या. मुली किंचाळत होत्या. मग दम संपला आणि सानिकाचा हात त्यांच्या पाठीवर अलगद टेकला.

माझ्या हातातल्या घड्याळात चौदा सेकंद झाले होते.

मी माइक तोंडाशी धरला, आवाज लावला आणि संपूर्ण मैदानाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मैदानबाई बाद! संरक्षण, दोन मिनिटं दहा सेकंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, पट्ट्याच्या मधोमध उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी मान वर केली.

"खोटं नका बोलू जी! तो माइक मैदानाचा हाय!"

ती दुरुस्ती मी अजून केलेली नाही.