कासरा धरून लक्ष्मी रोड

तुमच्या लग्नात तुमच्या आजीला कोणत्या रंगाचं लुगडं घेतलं होतं, सांगता का? शालूचा रंग सांगाल, नवरदेवाच्या सुटाचा सांगाल. आजीचं विचारलं की मान खाली जाते. माझीही गेली असती, पण आमच्याकडे कडूबामामा आहे.

माझा सख्खा मामा नव्हे तो. बुलढाण्याकडच्या, मोताळ्याजवळच्या आमच्या गावचा, दोन एकरांत वांगी-मिरची पिकवणारा माणूस. पण गावात लग्न जमलं की बस्ता घ्यायला पुण्याला न्यायचं ते त्यालाच. बोटानं कापड चोळून तो सांगायचा, दोन धुण्यांत विटेल की नातवंडांची दुपटी होईपर्यंत टिकेल. बदल्यात एक टोपी आणि एक टॉवेल. त्यापेक्षा जास्त दिलं तर रागवायचा.

त्याच्या अटी दोन. पहिली, आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं लुगडं, मग बाकीचं, शालू सगळ्यात शेवटी. "शालूनं डोये दिपले का मंग बाकीचं कापड कोनी पाह्यत नाही," तो म्हणायचा. दुसरी, पुण्यात रस्ता ओलांडायचा तो कासरा धरून. बैलांचा कासरा, सुताचा, धुऊन पिशवीत घातलेला. चौक आला की तो एक टोक मनगटाला गुंडाळायचा आणि मागे आम्ही सगळे ओळीनं दोर धरायचो.

सत्त्याण्णव साली माझ्या थोरल्या बहिणीचा, कोकिळाचा, बस्ता होता. मी तेरा वर्षांची. सकाळी एसटीतून उतरलो आणि एवढ्या गाड्या पाहून मी त्या मोजायलाच लागले. लक्ष्मी रोडच्या तोंडाशी आमची अकरा जणांची रांग कासऱ्याला धरून उभी. ट्रॅफिक पोलीस जवळ आला.

"काका, बैल कुठे आहेत तुमचे?"

"समोर गाड्या हाकून राह्यले साहेब," मामा म्हणाला. "मी माणसं सांभाळून राह्यलो."

पोलीस हसला, शिट्टी मारली आणि हात वर करून अख्खा चौक थांबवला. पुढे मी पुष्कळ रस्ता रोको केले, लाठ्याही खाल्ल्या. तसा चौक थांबलेला पुन्हा पाहिला नाही.

माझ्या आजीला, गोजरबाईला, त्या दिवशी पहिलं लुगडं घेतलं. अंजिरी, हिरव्या काठाचं. दुकानदार "मले-तुले" ऐकून गालात हसत होता. मामानं तीन लुगडी परत सारली तेव्हा त्याचं हसणं थांबलं. बस्ता बांधून झाल्यावर सारसबागेचा गणपती आणि शेजारी पेशवे पार्कातली फुलराणी. त्या पिटुकल्या रेल्वेत आजी लुगड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. गाडी सुटली तशी ओरडून म्हणाली, "काऊन बे कडूबा, मोताळ्याले किती वाजता पोचते ही?" डब्यातली पुणेरी पोरंसुद्धा हसली. मला अजून तिचं ते बसणं दिसतं, पाय आखडून, एका हातानं गाठोडं आणि एका हातानं पदर धरलेला.

आता पुण्याला कोणी मामाला नेत नाही. घरोघरी गाडी आली, मोबाइलमध्ये नकाशा आला. मामाला सत्त्याहत्तर झाली, एका डोळ्यात मोतीबिंदू. यंदा त्याच्याच नातीचं, प्राचीचं, लग्न ठरलं आणि होळीनंतर बस्त्याची तारीख निघाली. त्याचा मुलगा शेखर, बुलढाण्यात मोबाइलचं दुकान चालवतो, तो बापाला म्हणाला, "आबा, तुमी घरीच राहा. तिथली ट्रॅफिक आता तुमाले झेपत नाही."

मामी, अन्नपूर्णाबाई, गुडघ्यांमुळे खाटेवर होती. ती मला हळूच म्हणाली, "साऱ्या गावच्या म्हाताऱ्यायचं लुगडं यानं घेतलं. माह्या वाट्याचं यंदा होतं."

मग मी शेखरशी भांडले. भांडायला मला वेळ लागत नाही. मामाला गाडीत घेतलं, पुढच्या सीटवर.

दुकानात मात्र शेखरचं राज्य. मामाला खुर्चीवर बसवलं, हातात थंड पाण्याची बाटली दिली आणि आधी शालू. त्यातच अडीच तास गेले. मग गाडी कुठे लावली याची धास्ती, मग घाई, मग "एकाच भावातल्या चाळीस साड्या द्या." मामानं जागेवरूनच विचारलं, "तुह्या मायचं लुगडं?"

दुकानदार म्हणाला, नऊवारी आम्ही ठेवत नाही, समोरच्या दुकानात मिळेल. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे.

"ऑनलाइन मागवून घेऊ," शेखर मोबाइल चाळत म्हणाला.

मामा उठला, पिशवी उचलली आणि बाहेर गेला. मी मागे धावले. तो फुटपाथच्या कडेला उभा, कासरा मनगटाला गुंडाळलेला, पाय उचलायचा आणि मागे घ्यायचा. एक बुलेटवाला खेकसला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" मी त्याला जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

"दिसत नाही वो पोरी," मामा म्हणाला. "गाडी कोनती जवळ, कोनती दूर, कळत नाही." एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात प्राची आली. तिनं त्याच्या मनगटावरचा कासरा सोडवला, आपल्या मनगटाला गुंडाळला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"आबा, मी पुढं चालते. तुमी मागून या."

"मी मागून कधी गेलो नाही."

"आज या."

मामानं दोर दोन्ही हातांनी धरला. मधे मी. गाड्यांनी हॉर्न वाजवले, एका कॉलेजच्या पोरानं फोटो काढला. पोचलो पलीकडे.

मामानं चार लुगडी नाकारली. पाचवं चोळता चोळता थांबला, प्राचीचा अंगठा धरून कापडावर ठेवला. "हे पाह्य. खळ नाही, सूतच जाड हाय." डाळिंबी रंग, काळे काठ.

परत आलो तर शेखर लाल झालेला. पोलिसांनी गाडीच्या चाकाला जॅमर लावला होता. "पाह्यलं आबा? तुमच्या लुगड्यापायी."

मामानं चाकाकडे वाकून नीट पाहिलं. "बांधून ठेवली, बरं केलं. आता कुठी जात नाही ते. चला, सारसबाग पाहून घेऊ."

शेखर जॅमर सोडवायला थांबला. आम्ही तिघं गेलो. फुलराणी त्या दिवशी बंद होती. मामा जाळीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "गोजरबाई तिसऱ्या डब्यात बसली होती."

वैशाखात लग्न झालं. शालूचा रंग मला आत्ताच आठवेना. मामी डाळिंबी लुगड्यात मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला पदर चोळून पाहायला लावत होती.

तर ऐका. यंदा तुमच्या घरी लग्न असेल आणि पुण्याला बस्ता ठरला असेल, तर गाडीत एक जागा तुमच्या घरातल्या कडूबासाठी ठेवा. पुढची ठेवा, मागे त्यांना मळमळतं. आणि रस्ता आला की कासरा तुमच्या मनगटाला बांधा.