जलपर्यटन, पॅसेंजरांसह

निवृत्तीनंतरची पहिली सुट्टी मी सात दिवस मोटरबोटीत घालवली, असं सांगितलं की वसमतच्या बायका आधी गोवा म्हणतात, मग केरळ म्हणतात. मी कळमनुरीकडचं धरण म्हटलं की कप खाली ठेवून माझ्याकडे कणवेने बघतात. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाने समुद्र टीव्हीवर बघावा असा एकूण रिवाज आहे. पण आमच्या नवरोबांना काहीतरी चालवायचं होतं, आणि चालवायला त्यांना समुद्रच पाहिजे असं काही नव्हतं.

मी एसटीत कंडक्टर होते, ते ड्रायव्हर. एका गाडीवर आमची ड्यूटी क्वचितच लागली, आणि संसार टिकला त्याचं कारण मी तेच मानते. नोकरीची शेवटची तीन वर्षं मात्र ते डोळ्यांच्या तपासणीत बसले नाहीत, म्हणून त्यांना स्टिअरिंगवरून उठवून टेबलापाशी बसवलं. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून मिटत येते, गेलेली परत येत नाही, ऑपरेशन केलं तर उरलेली राहील. डॉक्टर इतकं सोपं करून बोलले की मलाही कळलं. नवरोबांनी सगळं शांतपणे ऐकलं, बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि म्हणाले, "मला तं बराबर दिसून राहिलं." या गोष्टीला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत त्यांनी चहाचे चार कप, एक कुंडी आणि माझ्या भावाची नवीकोरी स्कूटर आडवी केली, आणि प्रत्येक वेळी चूक त्या वस्तूचीच निघाली.

बोट त्यांच्या एका ओळखीच्या गृहस्थांची. ते धरणात मासेमारी करतात. मध्ये त्यांना जलपर्यटनाचं वेड लागलं, म्हणून मागे इंजिन बसवलेली एक फायबरची बोट घेतली, दोन नारिंगी जॅकेटं घेतली, काठावर बोर्ड लावला. सगळं आलं, पर्यटक तेवढे आले नाहीत. नवरोबांनी आठवडाभरासाठी बोट मागितली तेव्हा ते म्हणाले, "घेऊन जा. नाहीतरी उंदरंच बसून राहिले तिच्यात."

मी साफ नाही म्हणाले. मग नवरोबांनी तोड काढली. सात दिवस बोट ते चालवणार. कशालाही एक धक्का लागला, तर परत आल्या आल्या नांदेड आणि ऑपरेशन, तोंडातून शब्द काढणार नाहीत. धक्का लागला नाही, तर मी पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही. मी हो म्हणाले. ज्या माणसाला अंगणातली कुंडी दिसत नाही तो पहिल्या दिवशीच काठावर आपटेल, असा माझा हिशेब होता. त्या वेळी आपणही त्याच बोटीत असणार हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे मी अशी बाई झाले, जी नवऱ्याची नाव आपटावी म्हणून देवाला हात जोडते आणि त्याच वेळी जॅकेटचा पट्टा आवळते.

डिसेंबरात पाणी भरपूर होतं. धरणाच्या पाण्याला जागोजागी फाटे फुटतात, ओढे येऊन मिळतात, वरच्या अंगाला पैनगंगा येते आणि पलीकडच्या काठावर विदर्भ सुरू होतो. नवरोबांनी एका कागदावर हा सगळा नकाशा काढून आठ ठिकाणी फुल्या मारल्या होत्या. ही आमची बंदरं. बंदर म्हणजे ज्या जागी म्हशी पाण्यात बसतात आणि बायका धुणं धुतात ती जागा. काही बंदरांवर दोन्ही कामं एकदमच चालू असायची. मुक्काम ठिकठिकाणच्या पाहुण्यांकडे, कारण या भागात पाहुणे असताना तंबू ठोकला तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं.

निघताना त्यांनी मला मधल्या फळीवर बसवलं, तोंड त्यांच्याकडे, पाठ पुढे.

"मला पुढचं दिसायला नको का?" मी विचारलं.

"पुढचं पाहायचं काम माझं. तुमी आरामात बसा, मॅडम. सुट्टी हाय तुमची."

मॅडम ते मला डेपोतल्यासारखंच म्हणतात, त्यात प्रेम किती आणि टोमणा किती हे मला अजून उमगलेलं नाही. तर मी बसले. त्यामुळे सात दिवसांच्या पर्यटनात मी जे काही पाहिलं ते बहुतेक मागे पडल्यावर पाहिलं.

पहिला पॅसेंजर अर्ध्या तासात मिळाला. काठावरून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "ए नाववाले." डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, सोबत एक लंगडी मेंढी. नवरोबांनी लगेच इंजिन हळू केलं.

"नाव कुठं चालली?"

"कुठंच न्हाई. आमी फिरून राहिलो."

"फिरून राहिले म्हंजे?"

"म्हंजे हिंडून राहिलो."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मग त्या काठाला सोडा की मला. हिंडायचंच हाय तं तिकडं हिंडा."

या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. या भागात माणूस कामाशिवाय पाण्यात उतरत नाही, आणि कुठेही न जाणारी गाडी कुणी बघितलेली नाही. नवरोबांनी म्हाताऱ्याला पुढच्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, "बाबा, म्होरं बसा, वाट सांगत चला." बाबा सांगत गेले. डाव्या अंगाला बुडकं हाय, तिकडं कुणाचं जाळं हाय, आता सरळ येऊ द्या. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे सुकलेले खोडके जागोजागी वर आलेले असतात, त्यालाच इथे बुडकं म्हणतात. मेंढी माझ्या पायावर बसली. मी मनात म्हटलं, तीस वर्षं पॅसेंजर वाहिले, आता सुट्टीतही तेच.

आणि मग सुरूच झालं. प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी हाक मारायचं आणि नवरोबा थांबायचे. दुसऱ्या दिवशी एका तांड्यावरच्या सहा बायका चढल्या, कळमनुरीच्या बाजाराला निघालेल्या, सोबत कोंबड्या. बस तिकडून वळसा घालून जाते, त्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी मला समजावलं. माझं नारिंगी जॅकेट बघून त्यांचा असा पक्का समज झाला की मी सरकारी बाई आहे. "बाई, आमचं घरकुल काहून अडकून राहिलं?" एकीने विचारलं. मी सुट्टीवर आहे असं मी सांगितलं. त्यावर बाकीच्या हसल्या, कारण सरकारी माणूस असंच सांगतो.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या एका मास्तरांनी आमच्या बोटीतून गवताचे भारे नेले. मास्तर पुढे बसून इतक्या शुद्ध भाषेत खोडके दाखवत होते की बुडकंसुद्धा लाजून बाजूला झालं असतं. चौथ्या दिवशी एका लग्नघरचं भलंमोठं पातेलं आलं, आणि पातेल्यासोबत आचारी. मी रोज संध्याकाळी पाहुण्यांच्या ओसरीवर नवरोबांशी भांडायचे.

"ही माझी सुट्टी आहे. उद्या कुणी बोलावलं तर थांबायचं नाही."

"बोलावल्यावर सोडून कसं जाता येईल, मॅडम? लोकाइची तकलीफ पाहा."

"तुमची तकलीफ कोण बघणार?"

"मला कायची तकलीफ? लागला का एक तरी धक्का?"

नव्हता लागला. पाच दिवस झाले, बोटीला ओरखडा नाही. काठाला लावताना पॅसेंजर आपोआप ओरडायचे, येऊ द्या, येऊ द्या, बस्स. गाडी रिव्हर्स घेताना आम्ही ओरडायचो तसंच. बोट अलगद चिखलाला टेकायची आणि नवरोबा माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. खरं सांगते, मला राग यायचा आणि थोडा थोडा विश्वासही बसायला लागला होता. कदाचित डॉक्टर चुकले असतील, कुंडी खरंच रस्त्यात असेल. आपल्या माणसाचं चांगलं व्हावं म्हणून बाई काय काय खोटं मानून घेते याला हद्द नाही, आणि मी तर तिकीट फाडताना समोरच्याचा खोटेपणा डोळ्यांत ओळखणारी बाई.

सहाव्या दिवशी वारं होतं. सकाळपासून एकही पॅसेंजर नव्हता. पुढची फळी रिकामी. मी खुशीत होते, डब्यातून दशम्या काढल्या, मिरचीचा ठेचा काढला. नवरोबा मात्र बोट काठाकाठाने, अगदी पायी चालावं इतक्या हळू नेत होते. मी दोनदा म्हटलं, जरा पळवा की. त्यांनी मान हलवली आणि बोट तशीच हळू ठेवली.

मग माझ्यासमोर, म्हणजे त्यांच्या पाठीमागे, काठावर एक म्हातारी दिसली. बोट तिच्या पुढून नुकतीच निघून आली होती. काखेत शेळीचं पिल्लू, दुसरा हात डोक्याच्या वर, सरळ. ओरडत नव्हती. फक्त हात वर धरून उभी होती आणि आम्ही तिच्यापासून लांब चाललो होतो. दहा पावलांवरून गेलो असू, डाव्या बाजूने, लख्ख उन्हात.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. म्हटलं, शिकला एकदाचा माणूस, पॅसेंजर सोडायला शिकला. मी कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं.

हात दाखवणाऱ्याला मुद्दाम सोडून जाणारा ड्रायव्हर कसा दिसतो हे मला पाठ आहे. तो नाकासमोर बघतो, ओठ दाबतो, आणि पुढच्या वळणापर्यंत मान वळवत नाही. नवरोबांच्या चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. ते कान देऊन बसले होते. डोळे उघडे, मान किंचित तिरपी, काठावरून कुणी हाक मारतंय का याची वाट बघत. आत्ताच त्या काठावर एक हात वर होता, आणि त्यांच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं.

मग सगळं उमगलं. ते थांबत होते ते हात बघून नाही. थांबत होते हाकेला. आणि लोकांना बोटीत घेत होते ते लोकांच्या तकलीफेसाठी नाही. त्यांना पुढच्या फळीवर कुणाचे तरी डोळे पाहिजे होते. माझे नको होते. मला पाठमोरी बसवलं होतं, कारण बाकी कुणालाही कळलं तरी चालणार होतं, मला कळायला नको होतं. मला इतका राग आला की दशमी हातातून खाली पडली. आणि त्याच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं की राग कुठे गेला ते कळलंच नाही.

गप्प बसता आलं असतं. एक दिवस राहिला होता. शर्त ते जिंकले असते, म्हातारीला दुसरं कुणी नेलं असतं.

"एक बाई राहिली मागं," मी म्हणाले.

त्यांचा हात इंजिनाच्या दांडीवर थबकला. "कुठं?"

"आत्ता गेली डाव्या बाजूला. हात दाखवून राहिली कधीची."

त्यांनी बोट वळवली. पाण्यातच गोल घेतला, फार मोठा गोल, आणि म्हातारीने तोंड उघडलं तेव्हा त्या आवाजाच्या दिशेने सरळ आले. म्हातारीचं तोंड चांगलंच उघडलं होतं. काठाला लागेपर्यंत तिने आमच्या सात पिढ्या काढल्या, मग पिल्लू माझ्या मांडीवर टाकलं, लुगडं खोचून आत पाय ठेवला आणि नवरोबांच्या समोर उभी राहिली.

"हात कव्हाचा वर केला म्या. डोळे फुटले का रं तुझे?"

असं आमच्याकडे कुणीही कुणालाही म्हणतं. रस्त्यात धक्का लागला तरी म्हणतात, बस चुकली तरी म्हणतात. त्याला उत्तर द्यायचं नसतं. ड्रायव्हरच्या नोकरीत नवरोबांनी हे वाक्य हजारदा ऐकलं असेल आणि हजारदा कानाआड केलं असेल.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "दिसंना आता."

दोन वर्षांत मला जे सांगितलं नाही, डॉक्टरांसमोर कबूल केलं नाही, ते त्यांनी एका अनोळखी म्हातारीला सांगितलं, आणि तेही इतक्या साध्या आवाजात की मी मांडीवरच्या पिल्लाकडेच बघत राहिले. म्हातारीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने खाली बसून पाय लांब केले.

"मग हे बायको कायले मदी बसवली? म्होरं बसव की तिला."

इंजिन नुसतंच घुरघुरत होतं. मी पिल्लू म्हातारीच्या हवाली केलं, जॅकेट सांभाळत उठले आणि पुढच्या फळीवर जाऊन बसले, तोंड पाण्याकडे. सहा दिवसांत पहिल्यांदा मला पुढचं दिसत होतं. पाठ त्यांच्याकडे होती ते बरं झालं, कारण मी रडत होते आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

बोट काठापासून सुटली. समोर वळणावर काळं काळं काहीतरी पाण्यात हललं.

"म्हशी हायत समोर," मी म्हणाले. "चार. थांबा जरा."

"थांबलो," ते म्हणाले.