वसुलीसाहेबांची खाट

माझ्या सासऱ्यांना गल्लीत सगळे 'वसुलीसाहेब' म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. उलट कुणी नुसतं 'साहेब' म्हणालं, की हा आता वर्गणी चुकवणार, असा त्यांचा होरा असे.

लहानपणी मावशीचं बोट धरून ते या देशात आले. आम्ही ज्यू, तिकडे आमच्या लोकांना जगणं मुश्कील झालं होतं. इथे आल्यावर भाषा शिकले, बटणांचं दुकान काढलं आणि जम बसल्याबरोबर दुपारी दुकानाला कुलूप लावून वृद्धाश्रमासाठी पैसे मागत हिंडू लागले. आश्रमाला आधी भाड्याच्या दोन खोल्या, मग स्वतःची इमारत. घरी मात्र पडदे विटलेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी नवऱ्याला म्हणत असे.

मागण्याची त्यांची तऱ्हाच न्यारी होती. ज्यांना आश्रमाची मदत व्हायची, त्यांच्याकडेही हे वर्गणीचा डबा घेऊन जात. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची आई आश्रमात फुकट राहायची, तरी हे तिच्या टेबलापुढे हजर! एकदा मी भांडलेच.

"बाबा, जनाची नाही तर मनाची तरी?"

"दान घेणाऱ्यानेही दान द्यायचं असतं, हे तुला धर्मात शिकवलं नाही का?"

"शिकवलंय. पण असं घरोघर जाऊन पाळतं कोण?"

"मी," म्हणाले, आणि टोपी घालून निघाले. धन्य आहे बाई!

गेल्या हिवाळ्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. दुकान आधीच विकलेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला. दिवसभर ते एकटे पडून. दोनदा खाटेवरून पडले, आणि त्यांना उचलताना माझी कंबर गेली. आश्रमाने आपण होऊन जागा देऊ केली, फुकट. फक्त रविवारपर्यंत कळवा म्हणाले. मागे रांग होती.

सासरे म्हणाले, "नाही. स्वतःसाठी मी कधी हात पसरला नाही."

नवऱ्याने हातापाया पडून पाहिलं. मी ओरडले, रडले. ढिम्म! म्हातारा असाच पडून पडून मरेल, याची मला खरंच भीती वाटायला लागली.

रविवारी सकाळी इस्त्रीवाली भेटायला आली. आमचा तमाशा तिने जिन्यातूनच ऐकला असणार. खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"वसुलीसाहेब, आईला आश्रमात सोडलं तेव्हा मी तोंड लपवून घरी चालले होते. तुम्ही मला दारात थांबवलंत. म्हणालात, यात लाज कसली? आठवतं?"

"आठवतं."

"मनापासून म्हणाला होतात?"

"म्हणजे काय! अगदी मनापासून."

"मग आज तुम्हाला कसली लाज वाटते?"

ती आवाज न चढवताच पुढे म्हणाली, "की आमचं ते चालतं, आणि तुमचं नाही?"

सासऱ्यांनी मान भिंतीकडे वळवली. खांदे हलू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. नवरा तर खोलीतून उठूनच गेला. इस्त्रीवाली मात्र हलली नाही.

मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, बॅग भर. चांगले शर्ट घाल त्यात. तिथे सगळे मला ओळखतात."