फ्यूज काढायचा आणि कान द्यायचा

घराला एक खोली वाढवायची म्हटली, की पाया निघायच्या आधी किस्सा निघतो! मी वायरमन, आणि माझा जोडीदार हसू, तो गवंडी. पेण ते रोहा, दोघांनी मिळून इतकी कामं केली, की किस्से ठेवायला आता आम्हालाच एक खोली वाढवावी लागेल.

भानगड सगळीकडे एकच. मीटर घरात, आणि लाइट नेलेली गोठ्यात, न्हाणीत, विहिरीवर. केबल पाइपात घालून अंगणात पुरलेली. कुणी पुरली? वडलांनी. कुठून गेलीय? वडलांनाच ठाऊक! आणि खोली नेमकी तिथंच हवी. वर खोली उठली आणि खाली केबल जळाली, तर नवी लादी फोडायची का?

पेणला एका काकांना विचारलं, "केबल कुठून गेलीय?"

"शेवग्यापासून दोन पावलांवर."

"शेवगा कुठाय?"

"तो पडला की वादळात."

"मग आता?"

"मग काय? केबल काढा, म्हणजे शेवगा कुठं होता ते कळेल!"

*

खारेपाटात एका मिठागरवाल्यानं केबल शोधायला पाणी बघणारा आणला. तळहातावर नारळ ठेवून तो अंगणभर फिरला. एका जागी नारळ उभा राहिला! हसूनं कुदळ घातली. केबल नाहीच, पाणी लागलं. मालक खूश! ओंजळीनं प्यायला आणि थू थू करत उठला. पाणी खारट!

नारळवाला शांतपणे म्हणाला, "तुमी वायर सांगितलेली. गोडं पानी कुटं सांगितलं व्हतं?"

*

नागोठण्याला पुराचा गाळ आणि वर भराव, असं करत अंगण वर आलेलं. आम्ही खणतोय, केबल काही लागेना. तेवढ्यात पहार दगडावर वाजली. घडीव दगड! माती बाजूला केली, तर घराची जुनी पायरी.

घरची आजी काठी टाकून खड्ड्याशी बसली. "अगो सुनबाय, बग गो! लगीन होऊन आले ती ह्याच पायरीवरना!" तिचे डोळे भरले.

सून म्हणाली, "व्हय, पन माझ्या खोलीचं काय?"

आजी म्हणाली, "तुज्या खोलीला हीच पायरी लाव!"

*

पाइप सापडला, तरी तो जातो कुठं? त्याला आमची एकच युक्ती. फ्यूज काढायचा आणि कान द्यायचा. जो ओरडेल, त्याची केबल!

पेणला एका गणपतीच्या कारखान्याची शेड वाढवत होतो. फ्यूज काढला. कारखान्यात कुणी हूं का चूं केलं नाही. ओरडला समोरचा शिंपी! कारखानदार बघतच राहिला. "म्हणजे तुझी मशीन माझ्या मीटरवर चालते?"

शिंपी म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? आणि मी इतकी वर्षं तुमचा मोठेपणा सांगत फिरतोय!"

*

आता रोह्याचं ऐका.

विष्णूकाकांना खोली हवी होती ती मुलाच्या लग्नासाठी. सून वैशाखात येणार. अंगणाच्या मधोमध कुंपणाचा दगडी गडगा, पलीकडे धाकटा भाऊ बाबू. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. पाया खणताना पाइप निघाला, गडग्याच्या दिशेनं गेलेला. टेस्टर लावला, तर जिवंत!

"ही जाते कुठं?" मी विचारलं.

"काय ठाऊक नाय. तोडून टाक."

मी म्हटलं, "कुणाची तरी चालू लाइन आहे, काका. तोडायची नसली तर वळवायला लागेल. आणि वळवायची, तर ती बाबूकाकांच्या अंगणातूनच."

"त्याला इचारनार कोण?"

झालं! मी काकांच्या मीटरचा फ्यूज काढला. पलीकडे विहिरीवर मोटार घुमत होती, ती बंद पडली. आता बाबूकाका ओरडणार म्हणून आम्ही कान लावून उभे. ओरडण्याऐवजी विहिरीवर रहाट वाजायला लागला. कर्र... कर्र...

विष्णूकाका विटांच्या ढिगावर बसले. रहाट थांबे, पुन्हा वाजे.

"तोडू?" मी विचारलं.

"फ्यूज लाव आधी!" काका एकदम खेकसले. "त्याची कंबर धरलेली हाय!"

हसू माझ्या कानाशी आला. "बोलत नाय ना हे दोघं? मग कंबर कुनी सांगितली?"

मी फ्यूज लावला. मोटार घुमली. रहाट थांबला. आजवर लाइट गेली म्हणून ओरडणारे खूप बघितले होते. लाइट आल्यावर ओरडणारा तेवढा एकच, गडग्यापलीकडून आमचं सगळं ऐकणारा.

"दादा! पाइप माज्या अंगनातना वळव! गडगा आडवा येत असंल तर पाड!"